दाराजवळची जागा

लातूरच्या क्लासवाल्या गल्लीत सराव परीक्षेच्या दिवशी अजूनही दाराजवळच्या बाकावरून पोरांची भांडणं होतात. कोणी आदल्या दिवशीच तिथं पाण्याची बाटली ठेवून जातं, तर कोणी सकाळी आईला जागा धरायला पाठवतं. कारण विचारलं तर सांगतात, ती जागा लाभते. एखादा जास्त माहीतगार असेल तर सांगतो की हे एका इटालियन संताच्या चारशे वर्षं जुन्या प्रार्थनेत लिहिलेलं आहे. प्रार्थना लॅमिनेट केलेल्या कार्डावर मिळते. कार्डाच्या मागच्या बाजूला क्लासचा फोन नंबर असतो.

ती प्रार्थना इटलीत लिहिली गेलेली नाही. आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये, घटक चाचणीच्या उरलेल्या प्रश्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर ती लिहिली गेली. लिहिली अंतोन साळवे यांनी. ते गणित शिकवायचे. शुद्धलेखन मी तपासलं. मी मराठी शिकवायचो, आणि देव या विषयात माझं मत तेव्हाही फारसं बरं नव्हतं.

साळवे सर मूळचे श्रीरामपूरकडचे, कॅथलिक. उंच, वाळके, उजव्या खिशाला कायम खडूची पांढरी धार. मुलं त्यांना मागं 'उभे सर' म्हणायची, कारण त्यांना बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं. चहा ते जिन्यात घ्यायचे, पेपर खिडकीच्या कठड्यावर तपासायचे. लग्नाच्या पंगतीत वाढप्यांच्या हातातलं भांडं काढून घेत आणि पंगत उठेपर्यंत वाढत राहत. मला ते 'पंडित' म्हणत. हे माझं आडनाव नव्हे. मी पुस्तकं वाचतो, हा माझ्यावरचा त्यांचा आरोप होता.

त्यांचं एक वाक्य होतं : "उत्तर नको, पायऱ्या दाखव." हे ते फळ्यापाशी म्हणायचे तसंच फळ्यापासून लांबही म्हणायचे. भूकंपानंतर एक पुढारी कॉलेजच्या मैदानावर येऊन बोलले, की सहा महिन्यांत प्रत्येकाला घर मिळेल. टाळ्या पडल्या. त्या ओसरल्यावर मागून साळवे सरांचा आवाज आला, "साहेब, पायऱ्या दाखवा." पुढाऱ्यांना वाटलं, मंचावरून उतरायच्या पायऱ्यांबद्दल कोणी काळजीनं बोलतंय. ते हात जोडून म्हणाले, "दिसतात, दिसतात."

भूकंप झाला तो गणपती बुडवून लोक झोपले त्या पहाटे. लातूर शहर हललं, पण पडलं फारसं नाही. पडली ती औशाच्या पलीकडची गावं, दगडमातीच्या जाड भिंतींची. तरीही शहरात महिनोन्‌महिने कोणी स्लॅबखाली झोपायला तयार नव्हतं. साळवे सरांनी अंगणात खाट टाकली. पुढं सगळे घरात गेले, ते गेले नाहीत. त्यांच्या पत्नी मार्थाबाई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. त्या एकदा मला म्हणाल्या, "कर्ज काढून दोन खोल्या बांधल्या, आन नवरा राहतो अंगणात. आत भाडेकरू ठेवू का?" सर बसत नव्हते ते भूकंपाच्या आधीपासूनच. भूकंपानं त्यांना फक्त कारण दिलं. आता ते कुठल्याही खोलीत शिरले की आधी दार आत उघडतं की बाहेर ते पाहायचे आणि मग चौकटीला पाठ लावून उभे राहायचे. वर्गही तिथूनच घ्यायचे. फळ्याशी जाऊन लिहायचे आणि परत दारात यायचे. एका तासात किती चालत असतील देव जाणे.

त्या वर्षी बारावीला सुनंदा नावाची मुलगी होती. गाव किल्लारीच्या बाजूचं. गणपतीला घरी गेली होती. अभ्यास करता करता उंबऱ्याशीच झोप लागली, म्हणून ती वाचली. आई आणि धाकटी बहीण आत होत्या. बाप शेतावर होता. दिवाळीनंतर तो तिला वसतिगृहात सोडायला आला तेव्हा सरांना म्हणाला, "सर, शेतात हिचं मन लागंना अन्‌ घर तर न्हाईच. तुमच्याकडं असू द्या."

गणित तिला चांगलं यायचं. अडचण वेगळी होती. ती दाराजवळच्या बाकाशिवाय कुठं बसत नसे, आणि तिथं बसूनही रस्त्यानं ट्रक गेला, बाक जरा हलला, की वही तशीच टाकून मैदानात. घटक चाचणीत ती तीन वेळा बाहेर गेली. तिसऱ्यांदा सर तिच्यामागं गेले. कडुलिंबाखाली दोघं बराच वेळ उभे होते. मी खिडकीतून पाहत होतो. धीर देणारा कोण आणि घेणारा कोण, हे लांबून कळत नव्हतं.

बोर्डाच्या परीक्षेत तीन तास एका जागी बसावं लागतं. बाहेर गेलेल्याला परत आत घेत नाहीत. पेपर सोडून ती एकदा उठली असती तर वर्ष गेलं असतं आणि तिच्या बापानं तिचं लग्न लावून दिलं असतं, हे तो स्वतःच सांगून गेला होता. वाईट मनानं नव्हे. पोरीला ठेवायला त्याच्याकडं घरच उरलं नव्हतं.

सुनंदानंच एक दिवस सरांना विचारलं, "सर, तुमच्या देवात परीक्षेचा कोणी असतो का?"

असतो. साळवे सरांच्या डायरीत त्याचं चित्र होतं, बोर्डिंगच्या शाळेत एका म्हाताऱ्या फादरनं दिलेलं. कुपर्तिनो गावचा योसेफ. येशूच्या घरातला तो योसेफ वेगळा, हा वेगळा. हा पुष्कळ नंतरचा, अभ्यासात ढ. तोंड उघडं टाकून बघत बसायचा म्हणून सोबतचे त्याला 'आ वासलेला' म्हणत. त्याला म्हणे शास्त्रातला एकच उतारा नीट समजावता यायचा. परीक्षेला बिशपनं पुस्तक सहज म्हणून उघडलं, तर नेमका तोच निघाला. पुढच्या परीक्षेत पहिल्या काही जणांनी इतकी सुरेख उत्तरं दिली की परीक्षकानं उरलेल्यांना न विचारताच पास केलं. योसेफ उरलेल्यांत होता. नंतर हा माणूस प्रार्थना करताना जमिनीवरून वर उचलला जाऊ लागला. बघायला गर्दी होऊ लागली तेव्हा वरिष्ठांनी कंटाळून त्याला या मठातून त्या मठात लपवत नेलं. एकंदरीत याचीही कुठं धड बैठक नव्हती. सरांना तो आवडायचा त्याचं कारण मला हेच वाटतं.

त्या संताच्या नावानं जी प्रार्थना चालते तिचा अर्थ असा, की मला जे येतं तेवढंच विचारलं जावो. सरांना ती मान्य नव्हती. "ही काय प्रार्थना झाली? ही तर वशिल्याची चिठ्ठी झाली," ते म्हणाले. म्हणून त्यांनी नवी लिहिली आणि कागद माझ्यापुढं टाकला.

"पंडित, हे जुनं वाटेल असं करून दे."

"कशाला?"

"मी लिहिली म्हटल्यावर ती कशाला म्हणेल? गणिताच्या मास्तराची प्रार्थना! जुनी आहे म्हणून सांगतो."

मी सुरुवातीला 'हे गगनविहारी पुण्यात्म्या' असं घातलं. सरांनी ते खोडलं. 'तव चरणी' घातलं, तेही खोडलं. शेवटी उरली ती अशी :

'योसेफबाबा, तुम्हाला एकच उतारा येत होता आणि तोच निघाला. मला तेवढं नको. मी जे केलंय ते हात थरथरला तरी आठवू दे. मला दाराजवळची जागा मिळू दे. तुम्ही जमिनीवरून वर जात होता, मला मात्र पेपर संपेपर्यंत जागेवर राहू दे.'

"दाराचं काढा," मी म्हणालो. "इटलीतल्या साधूला दाराजवळची जागा कशाला लागेल?"

"तिला लागते," सर म्हणाले, आणि कागद घेऊन गेले.

नुसती प्रार्थना लिहून स्वस्थ राहणारे ते नव्हते. परीक्षा केंद्र दुसऱ्या शाळेत होतं. तिथल्या केंद्रप्रमुखांकडं ते तीनदा जाऊन आले. दोनदा त्यांना नियम ऐकवण्यात आले. तिसऱ्यांदा केंद्रप्रमुखांनी पोरीचं गाव विचारलं, आणि ते ऐकल्यावर नंबरांची यादी पुढं ओढली. म्हणाले, नंबर लावताना दाराजवळ येईल असं बघतो. पहिल्या पेपरला साळवे सर शाळेच्या फाटकाबाहेर तीन तास उभे होते. यात नवीन काही नाही, उभे ते रोजच असत. पण त्या दिवशी फाटकावरचा शिपाई मला म्हणाला, "ह्या सरला कुणीतरी पानी द्या हो. पोरीचा पेपर हाय का ह्यांच्या?"

सुनंदा घंटा झाल्यावर बाहेर आली. मधे उठली नव्हती.

"मिळाली का गं दाराजवळची?"

"हाव सर, मिळाली," ती म्हणाली.

सरांनी छातीवर क्रूसाची खूण केली आणि मला म्हणाले, "केंद्रप्रमुख सज्जन माणूस निघाला."

ती पहिल्या वर्गात पास झाली, पुढं नांदेडला शिकायला गेली, तिथंच शिक्षिका झाली. गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण सरांनी ती संपू दिली नाही. मुलीशी आपण खोटं बोललो हे त्यांच्या मनातून जाईना. एका ईस्टरच्या आधी त्यांनी फादरांपुढं ते कबूल केलं, आणि फादर काय म्हणाले ते मला जिन्यात सांगितलं. फादर म्हणाले होते, "प्रार्थना लिहिली हे पाप नाही. संताच्या नावावर खपवली हे आहे. मुलीला सांगून टाका."

"मग सांगा," मी म्हणालो.

"तिला काय वाटेल? ती त्या कागदाच्या जोरावर तीन तास बसली, पंडित. आता सांगू की कागद माझा होता? उद्या परत कुठं जमीन हलली तर ती कशाला धरेल?"

मग लातुरात क्लासचं पीक आलं. आधी गॅरेजवर पत्रे टाकून, मग तीन मजली. सुनंदाच्या वर्गात बिराजदार नावाचा मुलगा होता. त्यानं तेव्हाच ती प्रार्थना वहीत उतरवून घेतली होती. बऱ्याच वर्षांनी तो क्लासचा संचालक झाला तेव्हा त्यानं ती छापली. 'मला तेवढं नको' हे त्याला धंद्याच्या दृष्टीनं पटलं नाही, म्हणून ते वाक्य गाळून 'जे येतं तेच विचारलं जावो' असं घातलं. म्हणजे सरांनी हाकलून दिलेली चिठ्ठी मागच्या दारानं परत आली. जागेवर बसून राहण्याचं वाक्य लांबलं म्हणून काढलं. दाराची ओळ मात्र ठेवली. भूकंपानंतर जन्मलेली पोरं, बीड-परभणीहून आलेली, ज्यांचं आयुष्यात कधी काही पडलं नव्हतं, ती हात जोडून दाराजवळची जागा मागू लागली.

सर तोवर निवृत्त झाले होते. एके दिवशी बिराजदार घरी आला, सरांच्या पाया पडला आणि म्हणाला, ही प्रार्थना आम्हाला तुम्ही मिळवून दिलीत, सत्काराला या. सरांनी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा मला म्हणाले, "जातो. माईक देतील ना? तिथंच खरं काय ते सांगून मोकळा होतो."

समारंभाच्या फ्लेक्सवर संत उडत होते, त्यांच्या दोन्ही अंगांना गेल्या वर्षीचे यशस्वी विद्यार्थी, आणि संतांपेक्षा मोठ्या आकारात संचालक. बिराजदार सुरेख बोलला. "पालकहो, दार म्हणजे काय? दार म्हणजे संधी! संत आपल्याला सांगून राहिलेत की संधीच्या जवळ बसा!" मग शाल, श्रीफळ, आणि साळवे सरांच्या हातात माईक.

सर मंचावरही विंगेच्या वाटेपाशीच उभे होते. म्हणाले, "ही प्रार्थना कुठल्या संताची नाही. मी लिहिली. भूकंपातल्या एका मुलीसाठी लिहिली. तिला स्लॅबखाली बसायची भीती वाटायची, म्हणून दार. तुम्ही कोणीही कुठंही बसा. अभ्यास करा."

मग सूत्रसंचालक पुढं सरसावले : "पाहिलंत? श्रेय घ्यायचं नाही, गमतीत उडवून लावायचं! हीच ती नम्रता!" सभागृहानं उभं राहून टाळ्या वाजवल्या. श्रेय घेतोय असं स्वच्छ सांगणाऱ्या माणसाची श्रेय न घेतल्याबद्दल एवढी वाहवा मी दुसरीकडं पाहिली नाही. उतरताना एका बाईंनी सरांच्या पायाशी कार्ड ठेवलं आणि म्हणाल्या, "लेकराचा यंदा दुसरा चान्स हाय, हात लावा नुसता."

सरांनी हात लावला. काय करणार?

रिक्षात ते अर्धे बाहेर, दांडीला धरून. म्हणाले, "तिथं शंभर मोबाईल होते, पंडित. हे तिच्यापर्यंत जाईल. दुसऱ्याकडून कळायच्या आत आपण नांदेडला जाऊ. उद्याच."

दुसऱ्या दिवशी एसटीनं निघालो. बस निम्मी रिकामी, आणि सर दाराच्या दांड्याला धरून उभे. अहमदपूर गेलं तेव्हा कंडक्टर वैतागला. "आजोबा, बसा की आता. एवढ्या जागा हायेत, का माझ्यावर पाळत ठेवून राहिले?" लोहा येईपर्यंत त्यांनी मला तेच वाक्य चार तऱ्हांनी म्हणून दाखवलं. 'सुनंदा, मी तुझ्याशी खोटं बोललो' हे फार थेट. 'एक गैरसमज दूर करायचा आहे' हे फार सरकारी. मी मराठीचा शिक्षक असल्यामुळं माझं मत विचारलं गेलं. मी म्हणालो, पायऱ्या दाखवा. ते हसले नाहीत.

सुनंदाचं कॉलेज नांदेडला गावाबाहेरच्या बाजूला होतं. बारावीची परीक्षा दोन दिवसांवर आली होती. ती वरच्या मजल्यावरच्या रिकाम्या हॉलमध्ये बाकांवर बैठक क्रमांक चिकटवत होती, एका हातात खळीचा डबा. आता चांगली भरली होती, चष्मा होता, आवाज मास्तरणीचा. सरांना पाहून डबा खाली ठेवला, पाया पडली.

"बसा ना, सर."

"बसत नाही. आधी ऐक." सरांनी चौकटीला पाठ लावली. वाटेत घोकलेलं एकही वाक्य त्यांना आठवलं नाही. "तो कागद माझा होता. प्रार्थनेचा. संताचा नव्हता. मी लिहिला, ह्यांनी शुद्धलेखन तपासलं."

मला साक्षीदारापेक्षा सहआरोपी झाल्यासारखं वाटलं.

सुनंदा हातावरची खळ पुसत होती. "माहीत होतं, सर."

"कालचा व्हिडिओ पाहिलास?"

"कोणता व्हिडिओ? मला तवाच माहीत होतं. इटलीच्या बाबाला काय ठाव मला दार लागतंय म्हणून? वर्गात ते दोघांनाच लागायचं. मला अन्‌ तुम्हाला."

सरांनी चौकटीवरची पाठ काढली आणि पुन्हा लावली.

"मग बोलली का नाहीस?"

"कसं बोलू? तुम्ही माझ्यापेक्षा जास्त भ्यालेले होते." तिनं खळीच्या डब्याला झाकण लावलं. "अन्‌ एक मी पण खोटं बोलले, सर. मला दाराजवळची जागा नव्हती मिळाली."

"मिळाली होती! केंद्रप्रमुखांनी मला..."

"नंबर तिथंच होता. पण पेपर वाटायच्या आधी भरारी पथक आलं. आपल्याकडं कॉप्या कुठून येतात? दारातून अन्‌ खिडकीतून. त्यांनी दाराजवळचे, खिडकीजवळचे समदे उठवले अन्‌ आत नेऊन बसवले. मला मधोमध. बरोब्बर पंख्याखाली."

साळवे सरांनी कपाळाला हात लावला. सव्वीस वर्षं मराठवाड्यात परीक्षा घेतलेल्या माणसाला हे सुचायला हवं होतं, की आमच्याकडं दाराजवळचा बाक हा पहिला संशयित असतो.

"मग बसलीस कशी?"

"दार तर गेलं. मग प्रार्थनेतलं शेवटचं तेवढं उरलं, जागेवर राहू दे म्हणून. तेच म्हटलं. संताला न्हाई म्हटलं, सर. खिडकीतून फाटक दिसत होतं. तुम्ही उभे होते. म्हटलं, हे हलले तर आपण उठायचं. तुम्ही हललेच न्हाईत. बाहेर आल्यावर तुम्ही विचारलं, मिळाली का, तुमचं तोंड असं झालतं की मी म्हटलं, हाव, मिळाली."

खाली कोणीतरी तिला हाक मारली. प्रश्नपत्रिकांच्या कपाटाची किल्ली हवी होती. "आलेच," म्हणून ती निघाली. दारात थांबून म्हणाली, "माझ्या वर्गातली पोरं पण ते कार्ड आणतात. दाराजवळच्या बाकावरून भांडतात. मी तिथं कुणालाच बसवत न्हाई. एखाद्याला खरंच लागला तर असावा रिकामा."

ती खाली गेली. हॉलमध्ये आम्ही दोघं. साळवे सर चौकटीपासून निघाले आणि बाकांच्या रांगांमधून चालत गेले. मला वाटलं, नेहमीसारखी फेरी मारून परत येतील. ते मधोमध थांबले, पंख्याखाली. बाक ओढला. बसले. गुडघे बाकात मावेनात म्हणून पाय बाजूला काढले. दोन्ही हात नुकत्याच चिकटवलेल्या नंबराच्या दोन्ही बाजूंना ठेवले. एकदा मान वर करून स्लॅबकडं पाहिलं आणि मग समोर फळ्याकडं. तो कोरा होता.

रस्त्यानं एक ट्रक गेला. खिडकीच्या काचा वाजल्या. सर उठले नाहीत.

त्यानंतर वर्षभरानं ते गेले. मी लातूरबाहेर होतो, मला उशिरा कळलं. त्यामुळं मला आठवतात ते त्या बाकावर बसलेलेच. ओळखीच्या कुणाला सांगितलं तर पटत नाही. पाच मिनिटं बसले होते. सहावं लागायच्या आत उठून दारात आले आणि म्हणाले, "चला पंडित, बस चुकेल." बस सुटायला दीड तास होता.